ट्रॅकरची लिंक फॉर्ममधून काढा: नाशिकच्या ई-स्पोर्ट्स आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर आणि परिसरात ई-स्पोर्ट्स स्पर्धा भरवणारे आयोजक, कॉलेजांच्या फेस्ट समित्या आणि गेमिंग कॅफेचालक यांस,

स. न. वि. वि.

दिवाळी उरकली की आपल्याकडे स्पर्धांचे फॉर्म फिरायला लागतात. गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत कुठे फेस्ट, कुठे कॅफेची स्वतःची लीग. पोस्टर वेगळं, बक्षीस वेगळं, पण फॉर्म मात्र बहुधा मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी फॉर्मची नक्कल. त्यामुळे त्यातले नको ते रकानेही दरवर्षी जसेच्या तसे पुढे येतात. यंदा ती नक्कल करण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी पत्र.

आमचं मागणं थोडक्यात असं: ट्रॅकरवरच्या, म्हणजे खेळाडूचे सामने नोंदून आकडेवारी दाखवणाऱ्या साइटवरच्या, प्रोफाइलची लिंक, सामन्यांच्या इतिहासाचा कोड आणि आधारची प्रत हे तीन रकाने फॉर्ममधून काढून टाका.

आम्ही ट्रॅकरच्या विरोधात नाही. स्वतःचा डेमो, म्हणजे सामन्याचं रेकॉर्डिंग, पुन्हा पाहून फ्लॅश (डोळे दिपवणारा बॉम्ब) का लवकर फुटतो, ट्रेड (साथीदार पडताच त्याला मारणाऱ्याला टिपणं) का मिळत नाही हे शोधणं हा सरावाचाच भाग आहे, आणि लीटिफायसारखी साधनं ते काम चांगलं करतात. पण खेळाडू जे स्वतःच्या सरावासाठी वापरतो, तेच आयोजक प्रवेशाची अट म्हणून मागू लागला की मामला बदलतो.

काउंटर-स्ट्राइक २ हा नेमबाजीचा खेळ घ्या, कारण इथे यंत्रणा सगळ्यात स्पष्ट दिसते. स्टीम या व्हॉल्व्ह कंपनीच्या गेमिंग मंचाच्या मदत पानावर या खेळाच्या वैयक्तिक माहितीत जाऊन खेळाडू एक ऑथेंटिकेशन कोड तयार करतो. चार, पाच आणि चार अक्षरांचे तीन गट. जोडीला एखाद्या सामन्याचा शेअर कोड लागतो: सुरुवातीला ‘सीएसजीओ’, पुढे पाच-पाच अक्षरांचे पाच गट. ही जोडी हातात आली की साइट त्या सामन्यावरून पुढच्या सामन्याचा कोड मागते, तो मिळाला की त्याच्या पुढचा. खेळाडूला पुन्हा विचारावं लागत नाही. म्हणजे फॉर्ममध्ये हा कोड मागणारा आयोजक आजवरचा निकाल बघत नाही, यापुढच्या प्रत्येक सामन्याची चावी मागतो. स्पर्धा दोन दिवसांत संपते. चावी मात्र खेळाडूने त्याच पानावर जाऊन कोड रद्द करेपर्यंत चालत राहते, आणि रद्द करायचं असतं हे बारावीतल्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं.

शेअर कोडवरून डेमो उतरवता येतो. डेमो म्हणजे सर्व्हरने ठेवलेली वही. सर्व्हर सेकंदाला ६४ टिक, म्हणजे ६४ वेळा हिशेब करत, चालतो, आणि कोण कुठे उभा होता, कुठे बघत होता, हातात कुठली बंदूक होती हे त्या हिशेबाने नोंदलं जातं. सामना ४० मिनिटं चालला तर एका खेळाडूमागे १,५३,६०० टिक होतात, दहा जणांचे मिळून पंधरा लाखांवर. सोबत मजकुराची चॅट आणि प्रत्येकाचा १७ आकडी स्टीम आयडी, ७६५६११९ ने सुरू होणारा. यातला कोड दिला एकाने. बाकी नऊ जणांना, म्हणजे त्याचे चार साथीदार आणि समोरचे पाच, कुणी काही विचारलेलं नाही. लासलगावच्या लिलावात व्यापारी ज्याचा भाव बोलायचा त्याच ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन बघतो. रांगेतल्या शेजारच्या ट्रॉलीची ताडपत्री ओढली तर शेतकरी ऐकून घेणार नाही. आपल्या फॉर्मने मात्र एका ट्रॉलीमागे नऊ ताडपत्र्या ओढल्या जातात.

त्या १७ आकड्यांवरून पुढे काय निघतं ते कुठल्याही ब्राउझरमध्ये बघा. आयडी टाकला की स्टीम प्रोफाइल उघडतं, आणि ते उघडं ठेवलेलं असेल तर खरं नाव, शहर, मित्रांची यादी, आणि टोपणनावाशेजारच्या छोट्या बाणावर टिचकी मारली की आधीची टोपणनावं. त्रास टाळण्यासाठी मुली नाव बदलून खेळतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आधीच्या नावांची यादी आणि ट्रॅकर साइटने स्वतःकडे ठेवलेली जुनी नावं, या दोन्हींमुळे ते बदलणं फुकट जातं. स्टीमवर ही यादी पुसण्याची सोय आहे, तिसऱ्या साइटने जपून ठेवलेल्या प्रतीवर तिचा काही परिणाम होत नाही. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीच्या खात्यांचंही तेच: नाव आणि टॅग बदलता येतात, पण आतला ७८ अक्षरांचा पीयूयूआयडी (खात्याची कायम ओळख) नावासोबत बदलत नाही, आणि साधनं धागा त्याचाच धरतात.

वेळांचं तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. प्रत्येक सामन्याला तारीख आणि वेळ चिकटलेली असते. महिनाभराच्या सामन्यांच्या वेळा मांडल्या की क्लास कधी असतो, घरी एकटा कधी असतो, परीक्षा कधी सुरू झाली, सगळं कळतं. सोळा वर्षांच्या मुलाचं हे वेळापत्रक आयोजकाच्या शीटमध्ये कशाला हवं?

दुसरी बाजू पण आहे. याच धंद्यातल्या काही कंपन्यांनी ही गोष्ट आधीच ओळखली. डोटा २ मध्ये ‘एक्स्पोज पब्लिक मॅच डेटा’ नावाचा पर्याय आहे. तो बंद ठेवलेल्या खेळाडूच्या जागी व्हॉल्व्हच्या वेब एपीआयमध्ये (इतर साइटना माहिती देणाऱ्या दारात) ४२९४९६७२९५ हा एकच आकडा येतो. ३२ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या, म्हणजे ‘इथे कोण होतं ते सांगणार नाही’ असं सांगण्याची संगणकी रीत. सामना दिसतो, हिरो दिसतो, निकाल दिसतो, माणूस दिसत नाही. एकाच्या होकाराने दहा जण उघडे पडू नयेत यासाठी एवढं साधं करता येतं. स्टीमने एप्रिल २०१८ मध्ये खेळांचा तपशील मुळातच खासगी ठेवायला सुरुवात केली. लीग ऑफ लेजेंड्सने २०२२ मध्ये रँक सामन्यांच्या चॅम्पियन निवडीत साथीदारांची नावं झाकली, कारण लोक तिथल्या तिथे साधनात नाव टाकून, आकडे बघून, सामना सुरू होण्याआधीच पळ काढत होते. म्हणजे आकडेवारी उघडी असल्याने खेळ सुधारतोच असं नाही, कधीकधी तो सुरूच होत नाही.

आणि साधनं किती पुढे जातात याचं उदाहरण फायनल फँटसी १४ चं. २०२४ मध्ये डॉनट्रेल विस्तारासोबत ब्लॅकलिस्टची (नको असलेल्या खेळाडूला रोखण्याची) सोय पात्राऐवजी पूर्ण खात्यावर लागू झाली. त्रास देणारा दुसऱ्या पात्राने परत येऊ नये, हा हेतू चांगला होता. पण त्यासाठी खात्याची ओळख प्रत्येकाच्या संगणकापर्यंत जाऊ लागली, आणि प्लेअरस्कोप नावाच्या प्लगइनने तिच्यावरून एकाच माणसाची वेगवेगळी पात्रं जुळवून दाखवायला सुरुवात केली. त्रासापासून वाचवणारी सोयच पाठलागाला उपयोगी पडली. जानेवारी २०२५ मध्ये खेळाचे दिग्दर्शक नाओकी योशिदा यांना यावर जाहीर निवेदन काढावं लागलं.

आता व्हॅलोरंट, कारण आपल्या कॅफेंमध्ये संगणकावर हाच जास्त चालतो. रायटचा साधनं बनवणाऱ्यांसाठी नियम असा की खेळाडूने स्वतः रायट खात्याने लॉगिन करून होकार दिल्याशिवाय त्याची आकडेवारी दाखवायची नाही. म्हणून होकार न दिलेल्याचं प्रोफाइल ट्रॅकरवर खासगी दिसतं. ही चांगली तटबंदी आहे, आणि ती पाडतं कोण? फॉर्ममधली ओळ: ‘प्रोफाइल पब्लिक असणे बंधनकारक, अन्यथा संघ बाद.’ गळा धरून घेतलेल्या होकाराला होकार म्हणत नाहीत.

शिवाय या आकड्यांनी तुमचं काम होतही नाही. व्हॅलोरंटचा एसीएस (खेळाडूचा प्रति राउंड सरासरी गुणांक) कसा बनतो ते बघा. मुख्यतः केलेल्या नुकसानाचे गुण, अधिक प्रत्येक किलचे. समोर पाचही जिवंत असताना पहिला किल केला तर १५० गुण, मग १३०, ११०, ९०, आणि शेवटच्या उरलेल्याला मारलं तर ७०. म्हणजे राउंडच्या सुरुवातीला दार फोडणाऱ्याला १५०, आणि स्पाइक (बॉम्ब) लावलेल्या साइटवर एकट्याने शेवटचा माणूस काढून राउंड जिंकून देणाऱ्याच्या त्या किलला ७०. स्मोक टाकून साथीदाराला सुरक्षित आत नेणाऱ्या कंट्रोलरला त्या स्मोकचे किती मिळतात ते तुम्हीच बघा. या आकड्यावरून संघांची क्रमवारी लावली तर पाच ड्युएलिस्ट (पुढे घुसून मारणारे) घेऊन आलेला संघ वर जातो आणि दुपारी पहिल्याच सामन्यात बाहेर पडतो. तरी दरवर्षी सीडिंग, म्हणजे ही क्रमवारी, यावरच. मागच्या वीस सामन्यांच्या सरासरीवर तर बोलायलाच नको, दोन वाईट संध्याकाळी तिला खाली ओढायला पुरतात.

सीडिंगसाठी करायचं काय? स्पर्धेच्या दिवशी रिपोर्टिंग टेबलावर खेळाडूने स्वतःच्या खात्याने लॉगिन करावं, खेळातलं करिअरचं पान उघडावं, स्वयंसेवकाने रँक आणि खात्याची पातळी बघून कागदावर लिहावी. फोटो नको, स्क्रीनशॉट नको. सोळा संघ, पाच-पाच खेळाडू, म्हणजे ऐंशी जण. माणशी एक मिनिट धरलं आणि दोन टेबलं लावली तर चाळीस मिनिटं. तेवढा वेळ उद्घाटनाच्या भाषणात जातो. या पद्धतीचा जास्तीचा फायदा असा की दुसऱ्याच्या खात्यावर खेळणारा तिथेच सापडतो, कारण त्याला त्या खात्याचा पासवर्ड सगळ्यांसमोर टाकावा लागतो. लिंक बघून असला बदली खेळाडू पकडता येत नाही, लिंक खऱ्या माणसाचीच असते. वरचे चार संघ ठरवा, उरलेल्या बारांच्या चिठ्ठ्या टाका.

‘पण हे सगळं पब्लिकच आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि कायद्यात त्याला थोडा आधारही आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याच्या कलम ३ मध्ये, माणसाने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही, असं म्हटलं आहे. मेख ‘स्वतःहून’ या शब्दात आहे. त्या नऊ जणांनी स्वतःहून काय केलं? आणि प्रवेश मिळावा म्हणून प्रोफाइल उघडं केलेल्या दहाव्याने तरी? कलम ६ होकार मुक्त, विशिष्ट, समजून दिलेला आणि विनाअट असावा म्हणतं. तो मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं, हेही तिथेच आहे. विनंती साध्या भाषेत हवी आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषांत मिळण्याची सोय हवी. मराठी त्या अनुसूचीत आहे, हे नाशिकच्या फॉर्मना बहुधा कुणी कळवलेलं नाही.

सगळ्यात जड आहे ते कलम ९. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत पालकांचा पडताळता येईल असा होकार लागतो, आणि मुलांचा माग ठेवणं किंवा त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवणं याला मनाई आहे. उल्लंघनाचा दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. नियमांत शिक्षणसंस्थांना काही सूट आहे, पण ती शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी. फेस्टमधली गेमिंग स्पर्धा त्यात बसवायची म्हणजे फारच ताणावं लागेल. तुमच्या अकरावी-बारावीच्या गटातले जवळपास सगळे अठराच्या आतले असतात. २०० कोटींचा दंड कॉलेजच्या फेस्ट समितीवर बसेल असं आम्ही म्हणत नाही. पण या मोसमात उघडलेली शीट २०२७ उजाडलं तरी कुणाच्या तरी ड्राइव्हमध्ये पडून असते, हे आपण सगळे जाणतो.

वयाच्या पुराव्यासाठी आधार मागितलं जातं. इथे एक गंमत आहे, वाईट अर्थाने. यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. फॉर्ममध्ये तुम्ही नाव मागता, जन्मतारीख मागता आणि तीच पीडीएफ मागता. कुलूप आणि किल्ली एकाच शीटच्या एकाच ओळीत. वय बघायचं तर टेबलावर कॉलेजचं ओळखपत्र बघा आणि परत द्या. बक्षिसाच्या रकमेसाठी कागद लागलाच तर तो फक्त जिंकणाऱ्यांचा घ्या, आणि तोही मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचं नाव पुढे करू नका. तो पैशाच्या खेळांवर बंदी घालतो, खेळाडूंच्या आधारच्या प्रती गोळा करायला सांगत नाही.

मोबाइलवाल्यांकडे वळतो. बीजीएमआय या मोबाइल गेमच्या स्पर्धांत ट्रॅकरची लिंक नसते, तिची जागा स्क्रीनशॉट आणि हँडकॅमने घेतलेली असते. सोळा संघ, चार-चार खेळाडू आणि एकेक राखीव धरला तर ऐंशी जण. रूम आयडी आणि पासवर्ड देण्यासाठी सगळ्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं की ऐंशी नंबर ऐंशी जणांना दिसतात, त्यात हरलेला चिडका संघही आला. ग्रुपऐवजी कम्युनिटी करा आणि फक्त घोषणांचा भाग वापरा. तिथे सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात. काम तेवढंच होतं.

हँडकॅम म्हणजे हात आणि फोन दिसतील असा दुसऱ्या कॅमेऱ्याने काढलेला व्हिडिओ. हॅक वापरला का हे तपासायला तो लागतो, मान्य. पण तो मुलाच्या घरात काढला जातो. मागे आई फोनवर बोलत असते, भिंतीवर दिनदर्शिका असते, आणि स्क्रीनवर मधेच बँकेचा ओटीपी येऊन जातो. मग तो यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ चढवून लिंक फॉर्ममध्ये टाकतात. अनलिस्टेड म्हणजे खासगी नव्हे, लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो. नियमपत्रिकेत एवढं लिहा: डू नॉट डिस्टर्ब चालू, कॅमेऱ्याचा माइक बंद, चौकटीत फक्त हात आणि फोन, रेकॉर्डिंग खेळाडूकडेच राहील आणि तक्रार आली तरच, निकालानंतर ७२ तासांच्या आत मागितलं जाईल. ऐंशी व्हिडिओ मागवून त्यातले चार बघणाऱ्यांचा वेळही वाचेल.

त्याच ग्रुपमध्ये ‘स्टॅट कार्ड बनवा’ म्हणून एखादी एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरची ॲप फाइल, फिरते. ती ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागते. अँड्रॉइडमध्ये ही परवानगी म्हणजे स्क्रीनवर येणारा मजकूर वाचण्याची मुभा: मेसेज, ओटीपी, सगळं. किल मोजायला ती लागत नाही. ॲडमिननी असली लिंक दिसताच काढावी, आणि ज्याने टाकून घेतली असेल त्याला सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन आधी परवानगी बंद करायला आणि मग ॲप काढायला सांगावं. उलट क्रमाने गेलं तर काही ॲप स्वतःला काढू देत नाहीत.

फॉर्मबद्दल आता नीट, कारण गळती तिथेच सगळ्यात जास्त. गूगल फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये ‘निकालांचा सारांश बघा’ असा एक पर्याय असतो. तो चालू राहिला की फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला आधीच्यांची उत्तरं बघण्याची लिंक मिळते, त्यात फोन नंबरसुद्धा. कुणीतरी ‘किती संघ आले ते दिसू दे’ म्हणून चालू करतं आणि विसरतं. दुसरी चूक म्हणजे शीट ‘लिंक असलेला कुणीही’ वर ठेवणं, कारण आठ स्वयंसेवकांना एकेक करून परवानगी द्यायचा कंटाळा. तिसरी पुसताना होते. शीटमधल्या ओळी उडवल्या म्हणजे माहिती गेली असं वाटतं. पण उत्तरं फॉर्ममध्ये वेगळी राहतात, ती फॉर्मच्या प्रतिसादांच्या टॅबमध्ये जाऊन वेगळी पुसावी लागतात. फाइल मागितल्या असतील तर त्या ड्राइव्हवर तिसऱ्याच फोल्डरमध्ये, नावापुढे चढवणाऱ्याचं नाव जोडून पडलेल्या असतात. तेही उडवा आणि ट्रॅश रिकामा करा, नाहीतर तिथे ३० दिवस राहतात. फॉर्म ज्याच्या वैयक्तिक खात्यावर बनला तो विद्यार्थी शेवटच्या वर्षानंतर पुण्याला गेला की हे सगळं त्याच्यासोबत जातं. समितीचं वेगळं खातं काढा.

संगणकावरच्या स्पर्धेत सर्व्हर तुमचा असेल तर डेमोचे मालकही तुम्हीच. सामना चालवणाऱ्या काही प्लगइनमध्ये सामना संपताच डेमो ठरावीक पत्त्यावर आपोआप चढवण्याची सोय असते, आणि कॉन्फिग कुणाकडून तरी उसनं आणलेलं असतं. त्यात पत्ता कोणाचा आहे ते एकदा उघडून वाचा. डेमो त्या सामन्यातल्या दोन्ही संघांना द्या. नोंदणीच्या वेळी सगळ्यांकडून, फक्त कप्तानाकडून नव्हे, हा होकार घ्या. मजकूर असाच वापरला तरी चालेल:

‘या स्पर्धेतील माझ्या सामन्यांची डेमो फाइल माझ्या संघाला आणि त्या सामन्यातील समोरच्या संघाला मिळेल. आयोजक ती कुठल्याही तिसऱ्या साइटवर चढवणार नाहीत. माझं नाव, जन्मवर्ष आणि फोन नंबर अंतिम निकालानंतर ३० दिवसांत पुसले जातील. होकार मागे घेण्यासाठी खालील नंबरवर एक मेसेज पुरेसा आहे.’

समोरच्या संघातल्या एखाद्याने तो डेमो स्वतःच्या ट्रॅकरवर टाकला तर? टाकेलही. ते पूर्ण थांबवता येणार नाही, पण नियमपत्रिकेत मनाई असली तर तक्रार करायला जागा राहते.

कॅफेचालकांसाठी वेगळं. तुमच्या संगणकांवर ओव्हरवुल्फ (खेळावर ॲप चालवणारा मंच) आणि त्यावरची ट्रॅकर ॲप टाकलेली असतात, बहुधा एखाद्या जुन्या ग्राहकाने. ती चालू असली की पुढच्या ग्राहकाच्या सामन्यावरही बसतात, आणि क्लिप काढणारी ॲप डिस्कवर व्हिडिओ साठवत जातात. माइक रेकॉर्ड करण्याचा पर्याय चालू असेल तर आवाजासकट. एकदा व्हिडिओजचं फोल्डर उघडून बघा, किती जीबी भरलेत ते. रायट क्लायंटमध्ये ‘लॉग्ड इन ठेवा’ ही खूण राहिली की पुढचा माणूस सरळ आधीच्याच्या खात्यात. त्याहून बारीक गोष्ट अशी की क्लायंट चालू असताना लॉकफाइल नावाची एक ओळीची फाइल बनते, तिच्यात कोलनने वेगळे केलेले पाच भाग असतात आणि त्यात पोर्ट नंबर आणि पासवर्ड असतो. अनधिकृत साधनं हीच वाचून झाकलेली नावं उघडी करतात. म्हणून ग्राहकाला स्वतःचं सॉफ्टवेअर टाकू न देणारं साधं विंडोज खातं द्या, आणि रीबूट केल्यावर डिस्क मूळ अवस्थेत येईल अशी व्यवस्था ठेवा. एका ग्राहकानंतर एक रीबूट. एसएसडी असेल तर मिनिटभराचं काम.

एवढं केलं तरी स्पर्धेची रंगत कमी होत नाही. निकाल लावा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) जाहीर करा, अंतिम सामन्याचे आकडे पडद्यावर दाखवा. ते त्या सामन्याचे आकडे आहेत, सगळ्यांसमोर खेळलेले.

कळावे, लोभ असावा.

आपले,
नाशिकमधले काही खेळाडू, संघांचे ॲनालिस्ट आणि सॉफ्टवेअरमधली मंडळी

ता. क. मागच्या मोसमात ज्यांच्याकडून ऑथेंटिकेशन कोड घेतले होते त्या सगळ्यांना आजच एक मेसेज पाठवा: स्टीमच्या मदत पानावर जाऊन जुना कोड रद्द करा. यादी तुमच्याच शीटमध्ये आहे. मेसेज गेला की ती शीट पुसा, आणि फॉर्ममधली उत्तरंही.